भाचीला पुण्यात इंजिनीअरिंगला सीट लागली, कॉलेज सव्वा लाखाच्या वर फी सांगतंय. खरं भरायचं किती?

शेवगावचा_मामा
नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसता वाचायचो, आज आपलंच काम घेऊन आलोय. भाचीला कॅपच्या, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, पहिल्या राउंडला पुण्यात कॉम्प्युटरला सीट लागली, पहिलाच पसंतीक्रम लागला म्हणजे सीट आपोआप फ्रीझ झाली, आता बदलता येत नाही. आमच्या अख्ख्या भावकीत पहिली इंजिनीअर होणार ती. दाजी एसटीत चालक, ताई अंगणवाडीत मदतनीस, गावाकडं तीन एकर, तेही विहिरीला पाणी असलं तर. ओबीसी आहेत, जात पडताळणी झालेली, सधन गटात नसल्याचं नॉन क्रिमीलेयर सर्टिफिकेट काढलेलं.

काल आम्ही तिघं कॉलेजला जाऊन आलो. खिडकीतल्या माणसाने एका कागदाच्या चिठोऱ्यावर पेनाने १,३१,४०० असा आकडा लिहून दिला, बास. कशाचे किती काही नाही. दाजींनी तो कागद चार घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवला आणि बाहेर पार्किंगमध्ये येऊन बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणले पतसंस्थेतून काढू, महिना दीड टक्का. पोरगी तिथंच म्हणाली, मामा मी नगरलाच बीएस्सी करते.

आता मला एवढंच कळून घ्यायचंय की मुलींना फी माफ म्हणतात ती नेमकी कुणाला, आधी भरायची आणि मग परत मिळते का भरायचीच नसते, नॉन क्रिमीलेयर असताना उत्पन्नाचा दाखला परत वेगळा कशाला मागतात, आणि राहण्याजेवणाचं काय. सोमवारी पैसे भरून प्रवेश पक्का करायचाय. कुणाला माहीत असेल तर लवकर सांगा.

अनघा_प
अभिनंदन तिचं!! बीएस्सीचा विचार आधी डोक्यातून काढायला सांगा. माहितगार लोक येतीलच, मी पण वाचतेय, माझा मुलगा पुढच्या वर्षी आहे.

प्रज्ञा_सातारा
मामा, सोमवारी एक लाख एकतीस हजार भरू नका. पतसंस्थेत तर जाऊच नका. मी अकरा वर्षं एका कॉलेजात स्कॉलरशिपच्या टेबलावर आहे, दर जुलैत तुमच्या दाजींसारखे दहा-वीस बाप माझ्यासमोर उभे असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलं काम, त्या आकड्याचे तुकडे मागा. खाजगी विनाअनुदानित कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं आणि ती दोन भागात असते, शिक्षण शुल्क म्हणजे ट्युशन फी आणि विकास शुल्क म्हणजे डेव्हलपमेंट फी. त्यावर विद्यापीठाची फी, विमा, लायब्ररीचं डिपॉझिट असली किरकोळ जोडतात. सरकारची मदत मुख्यतः ट्युशन फीवर आणि परीक्षा फीवर आहे. म्हणून नुसता एक मोठा आकडा तुमच्या हातात दिला तर तुम्हाला कधीच कळणार नाही त्यातलं तुमच्या खिशातून किती जायचंय. कॉलेजला मंजूर झालेली फी नोटीस बोर्डवर आणि वेबसाईटवर लावावी लागते, तिचा फोटो काढून घ्या.

दुसरं. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे. त्याआधी ओबीसी मुलींना ट्युशन फीच्या ५० टक्के मिळायचे, २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसीतल्या ज्या मुलींच्या कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे त्यांना ट्युशन आणि परीक्षा फीचा १०० टक्के लाभ आहे. अट अशी की कोर्स व्यावसायिक हवा, प्रवेश कॅपमधून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्था स्तरावरून नको, आणि कॉलेज खाजगी अभिमत किंवा स्वयंअर्थसहाय्यित खाजगी विद्यापीठातलं नको. तुमच्या भाचीचं सगळं बसतंय. आणि प्रवेशाच्या वेळी अशा मुलींकडून ट्युशन फी घेऊ नका असं सरकारने कॉलेजांना बजावलेलं आहे. तेव्हा आधी भरा मग बघू असं कुणी म्हटलं तर लेखी मागा. शांतपणे, आवाज न चढवता. बहुतेक वेळा लेखी म्हटलं की सूर बदलतो.

तिसरं नॉन क्रिमीलेयरचं. इथं शंभरातले नव्वद लोक फसतात कारण दोन्हीकडे आकडा ८ लाखच आहे. पण मोजायची रीत वेगळी. क्रिमीलेयर ठरवताना पगार आणि शेतीचं उत्पन्न त्या आठ लाखांत धरत नाहीत. स्कॉलरशिपसाठी तहसीलदारांचा जो उत्पन्नाचा दाखला लागतो त्यात मात्र आई-वडील दोघांचं मिळून सगळंच येतं, पगार, शेती, दुकान, सगळं. म्हणजे नॉन क्रिमीलेयर मिळालं म्हणून स्कॉलरशिपला पात्र असं नाही. दोन कागद, दोन कामं. नॉन क्रिमीलेयरने सीट मिळते, उत्पन्नाच्या दाखल्याने फी सुटते. दाजींचा फॉर्म १६ घ्या, ताईंच्या मानधनाचा दाखला घ्या, तलाठ्याकडून शेतीचा अहवाल घ्या आणि उद्याच सेतूत अर्ज टाका. दाखल्याच्या खाली वैधता लिहिलेली असते ती वाचा, बहुतेक ३१ मार्चपर्यंत असते, त्यामुळे गेल्या वर्षीचा जुना दाखला घरात असेल तर तो चालणार नाही.

शेवगावचा_मामा
ताई तुमचे फार उपकार. वाचून दाखवलं फोनवर, ताई रडायलाच लागली. एक विचारतो, दाखला यायला आठ दिवस लागतील, सोमवार तर परवा आहे, मग?

प्रज्ञा_सातारा
सेतूत अर्ज केल्याची टोकनची पावती मिळते ती जोडा आणि हमीपत्र लिहून द्या की दाखला अमुक तारखेपर्यंत आणून देतो. बहुतेक कॉलेजं घेतात. ओबीसीच्या सीटसाठीचे कागद तर तुमचे झालेलेच आहेत, प्रवेश अडायचं कारण नाही. डेव्हलपमेंट फी आणि किरकोळ तेवढं भरायची तयारी ठेवा.

नितीन_वा
माहिती चांगली आहे पण एक बोलतोच. माझ्या ओळखीत एक जण आहे, भर बाजारपेठेत दोन दुकानं, घरात चारचाकी, आणि दाखला आणतो ८० हजाराचा. मी पगारदार, माझा एक एक रुपया फॉर्म १६ मध्ये दिसतो, मला काही नाही. गरज बघून मदत म्हणतात तर गरज बघतो कोण? कागदच बघतात ना?

गोदाकाठ
नितीन, तुमची चीड मला समजते कारण मी त्याच बाजूचा आहे. जिल्हा परिषदेत शिक्षक, नाशिक जिल्हा. मुलगा ओपनमधून गेला, कॅपमधूनच. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत, ज्याला सगळे ईबीसी म्हणतात, त्याला अर्धी ट्युशन फी मिळायला हवी होती. त्या वर्षी थकीत वेतनाचा फरक एकदम हातात आला आणि वर्षाचा आकडा गेला ८ लाख २१ हजारावर. एरवी मी साडेसात पावणेआठच्या आतच असतो. तहसीलला बाईंनी फॉर्म १६ वर बोट ठेवलं आणि म्हणाल्या सर मी काय करू, हा आकडा मी बदलू शकत नाही. बरोबर होतं त्यांचं. २१ हजार जास्त आले म्हणून ४८ हजार गेले. त्यातही तो फरक मागच्या तीन वर्षांचा होता, म्हणजे जे पैसे आधीच मिळायला हवे होते ते उशिरा मिळाले याचीच शिक्षा झाली.

तरीपण मी म्हणेन की खोटे दाखले काढणारे आहेत म्हणून योजनेवर राग काढू नका. तो दुकानवाला योजना नसती तरी पोराला शिकवणारच होता. एसटीच्या चालकाची पोरगी मात्र बीएस्सीला गेली असती, वर बघा मामांनी काय लिहिलंय.

केदार_एडिसन
गोदाकाठ सर, तुमच्या या ८ लाखाच्या कड्यावरून एक आठवलं. आम्ही न्यू जर्सीत, मुलगी गेल्या वर्षी इथल्याच स्टेट युनिव्हर्सिटीत लागली. इथे फाफ्सा नावाचा एकच फॉर्म असतो, त्यात दोन वर्षांपूर्वीचं टॅक्स रिटर्न धरतात आणि त्यावरून प्रत्येक मुलाचा एक आकडा काढतात, स्टुडंट एड इंडेक्स. हा आकडा शून्याच्याही खाली जातो, उणे १५०० पर्यंत. सगळ्यात गरजू मुलाला पेल ग्रँट, म्हणजे परत न फेडायची सरकारी मदत, पूर्ण मिळते, २०२४-२५ ला ती जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर होती, आणि घरचं उत्पन्न जसं वाढत जातं तशी ती थोडी थोडी कमी होत जाते. एका डॉलरने सगळं जात नाही. आणि तुमच्यासारखं एखाद्या वर्षी अचानक पैसे आले किंवा नोकरी गेली तर कॉलेजच्या एड ऑफिसला पत्र लिहून कागदपत्रं देऊन फेरविचार मागता येतो, तो अधिकार तिथल्या ऑफिसरला कायद्याने आहे.

पण इथलं सगळं गोड आहे असं कुणी समजू नका. कॉलेजच्या मदतीच्या पत्रात ग्रँटच्या खाली कर्जही त्याच रांगेत छापलेलं असतं, बेरीज बघून घरात आनंद होतो आणि नंतर कळतं त्यातला मोठा भाग फेडायचाय. आणि ही सरकारी मदत फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांसारख्या मुलांना, आईवडिलांच्या वर्क व्हिसामागे एच फोर व्हिसावर आलेल्या मुलांना नाही, भारतातून शिकायला येणाऱ्यांनाही नाही.

गोदाकाठ
फेरविचाराचा हा रस्ता आपल्याकडे हवाच. निदान थकबाकी त्या त्या वर्षात टाकून उत्पन्न धरा एवढं तरी. आयआयटीत बघा, तिथे पायऱ्या आहेत, एक लाखाच्या आत उत्पन्न असेल तर ट्युशन फी पूर्ण माफ, एक ते पाच लाखात दोन तृतीयांश माफ. पायरी केली म्हणून काही आभाळ कोसळलं नाही.

मयूर_टीई
मी थर्ड इयरला आहे, एससी, भारत सरकार शिष्यवृत्ती घेतो. मामा तुमच्या भाचीला आजच एक गोष्ट करायला सांगा, आधार सीडिंग चेक, म्हणजे सरकारी पैसे नेमके कुठल्या खात्यात येणार ते. माझं पहिल्या वर्षी काय झालं ते सांगतो.

महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर, स्टेटस दिसतंय पैसे वाटप झाले, माझ्या खात्यात एक रुपया नाही. कॉलेज म्हणतं आम्ही अप्रूव्ह केलंय, समाज कल्याणला गेलो तर ते म्हणतात आमच्याकडून गेलेत, बँक म्हणते आमच्याकडे आले नाहीत. दीड महिना असाच गेला. मग बँकेतल्या एका मॅडमनी आधार नंबर टाकून बघितलं आणि म्हणाल्या अरे तुझं सीडिंग दुसऱ्याच बँकेत आहे. पाचवीत असताना शाळेने सगळ्या पोरांची झिरो बॅलन्सची खाती काढली होती, गावच्या शाखेत, ते खातं मी पार विसरून गेलेलो. आजोबांच्या पेटीत, रेशनकार्डच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत पासबुक सापडलं. पिवळं पडलेलं, शेवटची एंट्री १०० रुपये जमा, आणि फोटोत मी शाळेच्या शर्टात, वरचं बटण तुटलेलं. सगळे पैसे तिथं जाऊन बसले होते. मग केवायसी, मग आईची सही काढून माझी सही, तीन चकरा, गावाला जायचं म्हणजे दर चकरेला लेक्चर बुडायची.

तर लक्षात ठेवा, खात्याला आधार लिंक असणं वेगळं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, सीडिंग असणं वेगळं. दहा खाती आधारला लिंक असू शकतात पण डीबीटीचे पैसे एकाच खात्यात येतात, जिथं शेवटचं सीडिंग झालंय तिथं. आधारच्या साईटवर लॉगिन केलं की बँक सीडिंग स्टेटस दिसतं, दोन मिनिटांचं काम. आणि आधारला स्वतःचा चालू मोबाईल नंबर पाहिजे, ओटीपी त्याच्यावरच येतो. आमच्या वर्गातल्या एकीचा नंबर तिच्या काकाचा होता, काका ऊसतोडीला कर्नाटकात, फॉर्म भरायला बसली की आधी काकाला फोन लावायचा.

अनघा_प
मयूर, हे सोनं लिहिलंस. वाचनखूण साठवली.

प्रज्ञा_सातारा
मयूरने बरोबर नस धरली. एससीच्या मुलांसाठी अजून एक जोडते कारण गोंधळ तिथे जास्त होतो. या शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के. केंद्राचा हिस्सा थेट मुलाच्या खात्यात येतो आणि त्यातली कॉलेजच्या फीची रक्कम मुलाने कॉलेजला भरायची असते. काही मुलं ते आपलेच पैसे समजून घरी देतात, घरची निकडच तेवढी असते हो, दोष कुणाला देणार, पण मग शेवटच्या वर्षी नो ड्यूजला, म्हणजे काही देणं बाकी नाही या दाखल्याला, अडकतात. पैसे आल्याचा मेसेज आला की आधी कॉलेजला या. उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर निर्वाह भत्ता पण मिळतो, वर असेल तर भत्ता नाही पण फ्रीशिप राहते, म्हणजे फी माफच.

आणि हो, पैसे वेळेवर येत नाहीत हे मी टेबलाच्या अलीकडून सांगते. या वर्षीचे पुढच्या वर्षी येतात असं कैकदा झालंय. म्हणून काही कॉलेजं मुलांना आधी भरा म्हणतात, त्यांचीही ओढाताण असते. पण तो हिशेब कॉलेज आणि सरकार यांच्यातला आहे, तो अठरा वर्षांच्या पोरीच्या अंगावर टाकायचा नाही. मूळ गुणपत्रिका, टीसी फीसाठी अडकवून ठेवायची तर अजिबात नाही, एआयसीटीई आणि युजीसी दोघांनीही त्याला मनाई केलीय. तपासून परत द्यायचे असतात.

रेश्मा_लातूर
माझा प्रश्न मुलाचा आहे. ओपन, उत्पन्न ३ लाख, शेती. मुलींना पूर्ण माफ आणि मुलांना निम्मं, मग आमच्यासारख्यांनी काय करायचं? दोन्ही लेकरं आपलीच ना. अजून कॅपचे फॉर्म भरायचेत.

प्रज्ञा_सातारा
रेश्माताई, फॉर्म भरायचे बाकी आहेत म्हणजे तुम्ही अगदी वेळेत विचारलंत. टीएफडब्ल्यूएस बघा, ट्युशन फी वेव्हर स्कीम. प्रत्येक कोर्सला मंजूर जागांच्या वर ५ टक्के जागा असतात, उत्पन्न ८ लाखांच्या आत पाहिजे, आणि तिथं ट्युशन फी अख्खी माफ, पूर्ण कोर्सभर. जात बघत नाहीत, मुलगा-मुलगी बघत नाहीत, उत्पन्न आणि मेरिट. ऑप्शन फॉर्ममध्ये या जागांचा चॉईस कोड वेगळा असतो, त्याच्या शेवटी टी अक्षर असतं. खूप पालकांना हेच माहीत नसतं, ते कॉलेजचं नाव बघून साधाच कोड टाकतात आणि टी वाला कोड राहून जातो, मग सीट लागल्यावर रडतात. नंतर बदलून मिळत नाही. कटऑफ मात्र चढा असतो, जागाच मोजक्या. तेव्हा आवडत्या कॉलेजचा टी वाला कोड वर आणि साधा कोड खाली असा दोन्ही टाका, टी लागली तर उत्तम, नाही तर साध्या सीटवर ईबीसी आहेच. फॉर्म भरताना टीएफडब्ल्यूएस हवं का विचारतात तिथे हो करायला विसरू नका, नाही तर ते कोड दिसणारच नाहीत, आणि उत्पन्नाचा दाखला तेव्हाच हाताशी लागतो.

ईबीसीला एका कुटुंबातल्या दोनच मुलांना लाभ ही पण अट आहे, घरात तिसरं असेल तर आधी ठरवा.

आणि कुणी एजंट म्हणाला की मॅनेजमेंट कोट्यातून घ्या, स्कॉलरशिप आम्ही बसवून देतो, तर तिथून उठा. कॅप नाही तर यातलं काहीही नाही.

रेश्मा_लातूर
टी कोडचं खरंच माहीत नव्हतं. कॅफेवाल्याने काढून दिलेल्या यादीत एकही टी नाहीये, आत्ताच बघितलं. पुन्हा करायला घेते. धन्यवाद ताई.

वसुधा_काकू
निवृत्त शिक्षिका आहे, वय ७१, हळूहळू टाईप करते त्यामुळे उशीर झाला. फीचं बोललात सगळे, पण गावाकडच्या लेकराला पुण्यात खरं जड जातं ते राहणं आणि जेवणं. फी सुटली तरी खोली आणि मेस मिळून महिन्याला आठ-दहा हजार कुठं जात नाहीत. माझ्या किती विद्यार्थिनी सीट मिळूनही याच कारणाने परत आल्या.

मामा, पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समिती आहे, १९५५ पासूनची. खेड्यातल्या गरजू मुलामुलींना अगदी कमी खर्चात राहायला, जेवायला देतात, मुलाखत घेऊन घरची परिस्थिती बघून निवड करतात. जागा मोजक्या, म्हणून आत्ताच अर्ज करा. शासनाच्या मागासवर्गीय मुलींच्या वसतिगृहाचाही अर्ज करा, आणि तो नक्की करा, मिळो न मिळो. कारण वसतिगृहात जागा मिळाली नाही तर जी रोख मदत मिळते तिला हा अर्ज लागतो. ओबीसी आणि भटक्या विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, एससीसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार, आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम. पुण्या-मुंबईत वर्षाला ६० हजार, लहान शहरात कमी होत जातात.

आपल्या महाराष्ट्रात ही गोष्ट आजची नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ साली पहिलं बोर्डिंग उघडलं ते एवढंच ओळखून की नुसती शाळा उघडून भागत नाही, खेड्यातून आलेल्या पोराला रात्री पाठ टेकायला जागा आणि दोन वेळची भाकरी लागते. फीच्या योजनेला त्यांचं नाव आहे, मला वाटतं वसतिगृहाच्या योजनेला ते जास्त शोभलं असतं.

मयूर_टीई
काकू अगदी खरं. मी स्वाधारवर आहे. ६० हजाराची फोड अशी, ३२ हजार जेवणाचे, २० हजार राहण्याचे, ८ हजार निर्वाहाचे. पण हे दर महिन्याला येत नाहीत, अडकून अडकून हप्त्याने येतात, त्यामुळे पहिले चार-सहा महिने स्वतःचे लावायची तयारी पाहिजे. मी पहिल्या सेमला विद्यापीठाच्या कमवा आणि शिका योजनेत होतो, लायब्ररीत पुस्तकं लावायचो, मेसचं बिल त्यातून निघायचं. लाज वगैरे काही वाटायची नाही, उलट लायब्ररीयन सरांनी सगळी रेफरन्स बुकं आधी मला काढून दिली.

समीर_ठाणे
ओपनमधल्या मुलांच्या राहण्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, अल्पभूधारक शेतकरी किंवा नोंदणीकृत मजुराच्या मुलांसाठी. रेश्माताई, शेती आहे म्हणताय तर तहसीलमधून अल्पभूधारकाचा दाखला उत्पन्नाच्या दाखल्याबरोबरच काढा, दोनदा खेटे नकोत. आणि सगळं करून कर्ज घ्यावंच लागलं तर पतसंस्थेआधी पीएम विद्यालक्ष्मी बघा. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केली, यादीतल्या संस्थेत मेरिटवर प्रवेश असेल तर तारण नाही, जामीनदार नाही, आणि घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जाला शिकत असताना ३ टक्के व्याज सवलत. कॉलेज यादीत आहे का तेवढं आधी बघा, सगळी कॉलेजं नाहीत त्यात.

नितीन_वा
वर जरा तडकून लिहिलं. मामा, मी पुण्यातच आहे, कोथरूडला. सोमवारी कॉलेजात बरोबर कुणी हवं असेल तर मी येतो, मला सुट्टी आहे. व्यनि (खाजगी निरोप) करा.

शेवगावचा_मामा
मंडळी, सोमवारचं सांगतो. नितीनराव खरंच आले होते सकाळी नऊला, आमच्या आधी गेटवर. प्रज्ञाताईंनी सांगितलं तसं खिडकीवर फीची फोड मागितली. पहिल्यांदा तो माणूस म्हणला सगळ्यांना हेच आहे. मी म्हणलं साहेब मुलगी आहे, ओबीसी आहे, कॅपमधून आहे, ८ जुलैचा जीआर आहे, ट्युशन फी घ्यायची असेल तर तसं लिहून द्या. तो आत गेला, वीस एक मिनिटांनी स्कॉलरशिपच्या बाई आल्या आणि त्यांनी छापील कागद दिला. ट्युशन १,१२,०००, डेव्हलपमेंट १३,४००, बाकी सगळं ६,०००. आम्ही भरले १९,४०० आणि सेतूची पावती जोडून हमीपत्र दिलं, पंधरा दिवसांत दाखला आणतो म्हणून.

दाजींनी खिशातला परवाचा तो कागद काढला, उलगडला आणि छापील कागदाशेजारी धरून दोन्ही आकडे कितीतरी वेळ बघत होते. मग पोरीला म्हणले, चल तुला चष्मा घेऊ. दोन वर्षांपासून तिला फळ्यावरचं नीट दिसत नव्हतं, सीईटीचा क्लास लावायचा म्हणून चष्मा मागं टाकलेला.

समितीच्या हॉस्टेलचा अर्ज टाकला, शासकीय वसतिगृहाचा पण टाकला. आधारचं सीडिंग बघितलं तर मयूरभाऊ तुमच्यासारखंच निघालं, शाळेतल्या खात्यावर. तिथंच पुण्यातल्या बँकेत फॉर्म देऊन बदलून घेतलं. आता महाडीबीटीचा फॉर्म सुरू झाला की भरायचा, त्यात काय काय लागेल ताई?

प्रज्ञा_सातारा
मामा, आज माझ्या टेबलावर कसली गर्दी होती तरी हे वाचून दिवस चांगला गेला. लागणारे कागद म्हणजे उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि वैधता, नॉन क्रिमीलेयर, डोमिसाईल, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, कॅपचं अलॉटमेंट लेटर, रेशनकार्ड, फीची पावती. सगळं स्कॅन करून तिच्या स्वतःच्या फोनमध्ये ठेवा, कॅफेवाल्याच्या कॉम्प्युटरवर नको, आणि युजरनेम पासवर्ड तिनेच बनवावा आणि वहीत लिहून ठेवावा, पुढची तीन वर्षं दरवर्षी रिन्यूअल त्याच आयडीने करायचंय. नवीन प्रोफाईल काढला की गोंधळ होतो.

आईवडिलांचं नाव दाखल्यावर, आधारवर आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर एकसारखं आहे का ते आज रात्रीच बघा. एका काना-मात्रेसाठी अर्ज परत येतात. आणि अर्ज सबमिट झाला म्हणजे संपलं असं नाही, आधी कॉलेजच्या क्लार्ककडे जातो, मग प्राचार्यांच्या लॉगिनला, मग जिल्ह्याच्या कार्यालयात. मध्ये कुठेही सेंड बॅक आला तर तो तिच्या लॉगिनलाच दिसतो, कुणी फोन करून सांगत नाही, आणि मुदतीत दुरुस्त करून परत पाठवला नाही तर त्या वर्षाचं जातं. दर रविवारी उघडून बघायची सवय लावा तिला.

अर्जाचा आयडी मात्र इथे टाकू नका, व्यनित पण नको. काही अडलं तर नुसता स्टेटस काय दिसतोय ते लिहा, मी आहे.